केबल घेण्याआधी अंतर मोजा: नेटवर्क केबल कशी निवडावी

नेटवर्कची केबल निवडताना बहुतेक जण सुरुवात वेगापासून करतात. ‘एक गिगाबिट हवं, म्हणून कॅट-६ दर्जाची केबल’ असा हिशेब होतो आणि खोकं घरी येतं. खरं तर पहिला प्रश्न अंतराचा आहे, कारण जास्त पैसे मोजून वेग मिळतो, पण तांब्याच्या केबलची लांबीची मर्यादा कितीही महाग केबल घेतली तरी हलत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी अंतर, मग वेग, मग केबलमधून वीज द्यायची आहे का, मग केबल कुठून जाणार, आणि सगळ्यात शेवटी दुकान.

या लेखात तीन जागा डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत: नाशिकच्या गंगापूर रोडवरचा तीन मजली बंगला, अंबड एमआयडीसीतलं एक शेड, आणि दिंडोरीकडचं द्राक्षांचं पॅकहाऊस, ज्याचं गेट इमारतीपासून २६० मीटरवर आहे. तुमची जागा यांपैकी एकीशी नक्की जुळेल.

पायरी १: केबलचा मार्ग मोजा, हवेतलं अंतर नको

केबल भिंतीने चढते, छताने जाते, कोपऱ्यात काटकोनात वळते आणि पुन्हा उतरते. अंबडच्या शेडचंच उदाहरण घ्या. शेड ५४ मीटर लांब, १८ मीटर रुंद. रॅक, म्हणजे नेटवर्कची उपकरणं ठेवायचं कपाट, एका कोपऱ्यात, मशीन समोरच्या कोपऱ्यात. तिरकस सरळ रेषेत हे अंतर ५७ मीटर भरतं. आता केबल चालवून बघा: रॅकपासून छतापर्यंत ६, लांबीने ५४, रुंदीने १८, मशीनकडे खाली ६ आणि रॅकमध्ये राखीव वेटोळं ३. एकूण ८७ मीटर. ५७ समजून घेतलेला निर्णय इथे फसतो.

मर्यादा अशी आहे: भिंतीतली, पक्की बसवलेली केबल ९० मीटर आणि दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड (जॅकपासून उपकरणापर्यंतच्या छोट्या केबल) मिळून १० मीटर. म्हणजे एकूण १००. पॅच कॉर्डची तार बारीक तारांच्या जुडग्याची असते आणि तिच्यात एकसंध तारेपेक्षा घट जास्त होते, म्हणून तिला वेगळं मोजतात. २० मीटरची लांबलचक पॅच कॉर्ड टाकून काम भागवलंत, तर भिंतीतल्या केबलच्या ९० मधून त्याची किंमत द्यावी लागते.

केबलच्या आवरणावर दर मीटरला आकडा छापलेला असतो. ओढायला सुरू करताना आणि कापताना दोन्ही आकडे वहीत लिहा. वजाबाकी म्हणजे त्या लाइनची खरी लांबी. एक खोकं ३०५ मीटरचं असतं. सरासरी ३८ मीटरच्या लाइन असतील तर भागाकार आठ दाखवतो, पण सात धरा. टोकं कापण्यात आणि उरलेल्या तुकड्यात बाकीची जाते.

१०० मीटरनंतर नेमकं काय बिघडतं?

तांब्यातून जाताना सिग्नल क्षीण होतो. ही घट डेसिबलमध्ये, म्हणजे डीबीमध्ये मोजतात. ३ डीबी घट म्हणजे शक्ती निम्मी, १० डीबी म्हणजे दहावा भाग, २० डीबी म्हणजे शंभरावा. कॅट-५ई केबलच्या १०० मीटरच्या जोडणीत १०० मेगाहर्ट्झला २४ डीबीपर्यंत घट मान्य आहे. म्हणजे पाठवलेल्या शक्तीचा साधारण अडीचशेवा भाग पलीकडे पोचतो, आणि तेवढ्यावरच पलीकडच्या स्विचला, म्हणजे सगळ्या केबल एकत्र जोडणाऱ्या उपकरणाला, सगळं वाचायचं असतं. कॅट-६मध्ये त्याच ठिकाणी मर्यादा २१.३ डीबी आहे. वारंवारता वाढली की घटही वाढते, म्हणून जास्त वेगाला चांगली केबल लागते.

दुसरा त्रास शेजारच्या जोडीचा. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. तुमचा स्विच आपल्या टोकाला पूर्ण जोराने बोलत असतो आणि त्याच टोकाला पलीकडून आलेला, अडीचशे पटीने क्षीण झालेला आवाज ऐकत असतो. बोलण्यातला थोडासा अंश शेजारच्या जोडीत झिरपला तरी ऐकणं अवघड होतं. याला क्रॉसटॉक म्हणतात. जोड्यांना दिलेला पीळ त्यासाठीच असतो, आणि प्रत्येक जोडीचा पीळ वेगवेगळ्या मापाचा असतो.

११० मीटरवर कनेक्शन येतं का? बऱ्याचदा येतं, आणि म्हणूनच लोक फसतात. दिवा लागतो, पहिले काही दिवस चालतं, मग उन्हाळा येतो. तांबं तापलं की घट वाढते: २० ते ४० अंशांदरम्यान प्रत्येक अंशाला ०.४ टक्के आणि त्यापुढे ०.६ टक्के. त्यामुळे साध्या यूटीपी (शील्ड, म्हणजे धातूचं वेष्टण नसलेल्या) केबलची ९० मीटरची मर्यादा ४० अंशांना ८४ मीटर होते आणि ६० अंशांना ७५ मीटर. शील्ड असलेल्या केबलची घसरण कमी आहे. ६० अंशांनाही ती ८३ मीटरपर्यंत टिकते. नाशिकची हवा थंड म्हणून प्रसिद्ध असली तरी एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला भिडतो, आणि पत्र्याखालच्या किंवा गच्चीवरच्या पाईपमध्ये त्याहून बराच वर जातो. अंबडची ती ८७ मीटरची लाइन कागदावर बसते, पत्र्याखाली बसत नाही. पत्र्याचं शेड असेल तर तांब्यासाठी ७५ मीटर हीच मर्यादा धरा. रॅक शेडच्या मध्यावर हलवला तर अशा अर्ध्याअधिक अडचणी केबल न बदलता सुटतात. हा विचार आधी करा.

पायरी २: वेग ठरवा

कॅट-५ई १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट देते. चांगली बसवलेली असेल तर २.५ गिगाबिटही. जुन्या इमारतीत ती आधीच असेल आणि नीट चालत असेल, तर उपटून काढायचं कारण नाही.

कॅट-६ २५० मेगाहर्ट्झपर्यंत मोजलेली असते. १ गिगाबिट १०० मीटर, आणि १० गिगाबिट ५५ मीटरपर्यंत. एका जुडग्यात खूप केबल दाबून बांधल्या असतील तर हाच आकडा ३७ मीटरपर्यंत खाली येतो, कारण शेजारच्या केबलचा आवाजही आत शिरतो.

कॅट-६ए ५०० मेगाहर्ट्झ, १० गिगाबिट पूर्ण १०० मीटर. पण ती जाड आणि ताठ असते. २५ मिमीच्या पाईपमध्ये कॅट-६च्या चार-पाच केबल बसतात, तिथे ६एच्या तीनच.

कॅट-७ आणि कॅट-८ नवशिक्यांनी सोडून द्यावीत. कॅट-८ रॅकमधल्या ३० मीटरच्या आतल्या जोडण्यांसाठी आहे. ‘कॅट-७’ नावाने मिळणारी चपटी केबल साध्या आरजे-४५ प्लगसह येते; त्या प्लगवर तिचा दर्जा टिकत नाही.

आमचं स्पष्ट मत: बंगला, ऑफिस, दवाखाना, दुकान यांसाठी शुद्ध तांब्याची कॅट-६ यूटीपी. वायफायच्या प्रत्येक अ‍ॅक्सेस पॉइंटपाशी एकाऐवजी दोन लाइन ओढा. मजुरी तीच राहते. जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या दगड-मातीच्या जाड भिंती वायफाय अडवतात, तिथे प्रत्येक दालनाला स्वतंत्र लाइन आणि छोटा अ‍ॅक्सेस पॉइंट हाच उपाय.

कॅमेऱ्यांसाठी वेगाची काळजी करू नका. ४ मेगापिक्सेलचा कॅमेरा साधारण ४ ते ६ मेगाबिट घेतो. सोळा कॅमेरे मिळूनही शंभरच्या आत. कॅमेऱ्याचा प्रश्न असतो अंतराचा आणि विजेचा.

पायरी ३: तांबं खरं आहे का ते तपासा

बाजारात सीसीए नावाची केबल मिळते. आत अ‍ॅल्युमिनियम, वरून तांब्याचा पातळ थर. आवरणावर कॅट-६ छापलेलं असतं, दर कमी असतो. नेटवर्कच्या पक्क्या जोडणीसाठी ती मान्य नाही आणि आम्ही ती कुठल्याही कामात वापरू नये असंच सांगू.

ओळखायची कशी? तार ब्लेडने खरवडा. आतून चंदेरी दिसली तर अ‍ॅल्युमिनियम. तार चार-पाच वेळा मागेपुढे वाकवा. सीसीए लवकर तुटते. खोकं हातात घेतल्यावर हलकं लागतं. पण पक्की खूण मल्टीमीटरची. खोक्यातली दोन्ही टोकं हाती लागत असतील तर एका टोकाला एकाच जोडीच्या दोन तारा पिळून जोडा आणि दुसऱ्या टोकाला ओहम मोजा. ३०५ मीटरच्या खोक्यात २४ गेजचं (गेजचा आकडा लहान तितकी तार जाड) शुद्ध तांबं ५० ते ५५ ओहम दाखवतं, २३ गेजचं ४० ते ४४. मर्यादा ५७ ओहमची. आकडा ६५ किंवा ८०च्या घरात गेला तर खोकं परत करा.

पायरी ४: केबलमधून वीज देणार असाल तर

पीओईमध्ये, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच उपकरणाला वीज देण्यात, हाच ओहमचा आकडा थेट खिशाला लागतो. तारेत वाया जाणारी वीज म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. पीओई प्लसचा स्विच ३० वॉट देतो, प्रवाह ०.६ अँपिअर, रोध जास्तीत जास्त १२.५ ओहम धरलेला आहे. ०.३६ गुणिले १२.५ म्हणजे ४.५ वॉट तारेतच जातात आणि उपकरणाला २५.५ वॉट मिळतात. साध्या पीओईत १५.४ वॉटपैकी १२.९५ पोचतात. २०१८च्या नव्या मानकात स्विच ९० वॉटपर्यंत देतो आणि पलीकडे ७१.३ मिळतात.

सीसीएमध्ये रोध दीडपटीहून जास्त असतो. लांबच्या लाइनवर कॅमेरा दिवसभर चालतो आणि अंधार पडून त्याचे इन्फ्रारेड दिवे लागले की बंद पडून पुन्हा सुरू होतो, रात्रभर. कॅमेरा बदलून हे जात नाही. शिवाय उपकरणाच्या कमाल वॉटची बेरीज करून ती स्विचच्या एकूण क्षमतेशी ताडून बघा. आठ पोर्टचा स्विच आठही पोर्टना पूर्ण ३० वॉट देईलच असं नसतं.

पायरी ५: केबल कुठून जाते?

विजेच्या तारांबरोबर एकाच पाईपमध्ये नेटवर्क केबल कधीही घालू नका. समांतर जात असतील तर निदान २० ते ३० सेंटिमीटर अंतर ठेवा, आणि ओलांडायचंच असेल तर काटकोनात. सातपूर-अंबडच्या शेडमध्ये वेल्डिंग मशीन आणि मोटरचा वेग बदलणारे व्हीएफडी ड्राइव्ह असतात. त्यांच्या जवळून जाणाऱ्या लाइनला शील्ड असलेली केबल घ्या. मात्र शील्ड केबलपुरती उपयोगाची नाही. जॅकही शील्डचा हवा आणि रॅकला चांगलं अर्थिंग हवं. अर्थिंग नसलेली शील्ड गोंगाट गोळा करते, म्हणजे पैसे जास्त देऊन उलट परिणाम.

गच्चीवर आणि उघड्यावर आतली पीव्हीसी केबल नको. उन्हाने तिचं आवरण कडक होऊन चिरतं, त्यातून पावसाचं पाणी शिरतं आणि घट वाढत जाते. काळ्या पॉलिथिन आवरणाची बाहेरची केबल घ्या. जमिनीखालून जाणार असेल तर जेल भरलेली. इमारतीत शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकतं, भिंतीत जात नाही.

दोन इमारतींच्या मध्ये तांबं टाळा, अंतर ३० मीटर असलं तरी. दोन्हीकडचं अर्थिंग वेगळं असतं, आणि वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली की त्या फरकाचा झटका केबलमधून दोन्हीकडच्या स्विचला बसतो.

गोदाकाठी, जिथे पुराची पातळी दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतात, तिथे तळमजल्यावर रॅक ठेवू नका. पहिल्या मजल्यावर घ्या आणि तिथून खाली लाइन सोडा.

पायरी ६: ९० मीटरच्या पलीकडे फायबर

मध्ये स्विच बसवून पुढे आणखी ९० मीटर जाता येतं, पण त्या स्विचला वीज, पेटी आणि देखभाल लागते. द्राक्षबागेच्या बांधावर खांबाला टांगलेला स्विच पहिल्याच पावसाळ्यात त्रास देतो. २६० मीटरला फायबरच घ्या, म्हणजे काचेच्या तंतूतून प्रकाशाने सिग्नल नेणारी केबल.

फायबर दोन प्रकारचं. मल्टिमोड ओएम३वर १० गिगाबिट ३०० मीटर, ओएम४वर ४०० मीटर. सिंगलमोड ओएस२वर तेच १० गिगाबिट १० किलोमीटर. नवीन कामाला सिंगलमोडच घ्या. केबल महाग नाही, आणि वेग वाढवायचा झाला तर फक्त टोकांची उपकरणं बदलतात.

दिंडोरीच्या गेटसाठी सामान असं: ६ कोअरची (सहा तंतूंची) आर्मर्ड सिंगलमोड केबल ३०० मीटर, दोन्ही टोकांना एकेक एलआययू पेटी (फायबरचे जोड ठेवायची), पिगटेल (एका टोकाला कनेक्टर असलेला फायबरचा तुकडा), पॅच कॉर्ड, आणि स्विचमध्ये बसणाऱ्या एसएफपी मॉड्यूलची जोडी किंवा प्रकाशाचा सिग्नल तांब्याच्या केबलवर आणणारे मीडिया कन्व्हर्टर. एकाच कोअरवर चालणारे कन्व्हर्टर ए आणि बी अशा जोडीने येतात, कारण एक १३१० नॅनोमीटरवर पाठवतो तर दुसरा १५५०वर. दोन्ही ए आणले तर दिवा लागणारच नाही. दोन कोअर वापरा, चार राखीव ठेवा. उंदीर आणि ट्रॅक्टरपासून वाचवायला केबल एचडीपीई पाईपमधून अडीच-तीन फूट खोल न्या. आर्मरच्या लोखंडी पट्टीला इमारतीच्या टोकाला अर्थिंग द्या. आणि हे विसरू नका की फायबरमधून वीज जात नाही: गेटवर स्वतंत्र वीज, छोटा यूपीएस आणि पीओई स्विच लागेल.

आता घटीचा हिशेब, सगळं वाईटात वाईट धरून. काच किलोमीटरला ०.४ डीबी, म्हणजे २६० मीटरला ०.१. दोन कनेक्टर प्रत्येकी ०.७५, म्हणजे १.५. दोन स्प्लाइस (तंतूला तंतू जोडलेले जोड) प्रत्येकी ०.३, म्हणजे ०.६. एकूण २.२ डीबी. १ गिगाबिटच्या बऱ्याच एलएक्स (सिंगलमोडच्या) मॉड्यूलवर किमान पाठवण्याची शक्ती उणे ९.५ आणि वाचण्याची मर्यादा उणे २० डीबीएम (एक मिलिवॉटच्या तुलनेत डीबी) असते. म्हणजे हातात १०.५ डीबी आहेत. ८ डीबीहून जास्त शिल्लक राहतात. यातून दिसतं की आवाराच्या आत फायबरची लांबी जवळजवळ बिनमहत्त्वाची आहे. घट होते ती जोडांत, वाकण्यात आणि धुळीत. साधं सिंगलमोड तीन सेंटिमीटरपेक्षा कमी त्रिज्येत वाकवू नका. टोपण काढलेला प्रत्येक कनेक्टर लावण्याआधी क्लीनरने पुसा. बोट लावू नका. निळा यूपीसी आणि हिरवा एपीसी हे दोन प्रकारचे कनेक्टर एकमेकांत घालू नका, हिरव्याचं टोक ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं. टोकात डोळा लावून तर कधीच बघू नका, तो प्रकाश दिसत नाही पण इजा करतो.

८० किलोमीटरचं मॉड्यूल ‘जास्त दमदार’ म्हणून २६० मीटरला लावू नका. इतका तीव्र प्रकाश समोरच्या रिसीव्हरला झेपत नाही. लिंक येत नाही किंवा मॉड्यूल खराब होतं.

पायरी ७: ओढणं आणि टोकं बांधणं

केबलवर ११ किलोपेक्षा जास्त ओढ नको. पीळ सैल होतो. वळणाची त्रिज्या केबलच्या जाडीच्या चौपट तरी हवी, कॅट-६ला साधारण अडीच सेंटिमीटर. प्लॅस्टिकच्या टायने करकचून आवळू नका, वेल्क्रोची पट्टी वापरा.

भिंतीतल्या केबलला थेट प्लग लावू नका. एका टोकाला आयओ (भिंतीवरचं नेटवर्कचं सॉकेट), दुसऱ्या टोकाला रॅकमध्ये जॅक पॅनल, आणि तिथून पुढे कारखान्यात बनलेली पॅच कॉर्ड. दोन्ही टोकांना एकच क्रम ठेवा, टी५६८बी: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पीळ जास्तीत जास्त १३ मिमी उकला, कॅट-६ला त्याहून कमी जमलं तर उत्तम. ‘नीट दिसावं’ म्हणून पाच सेंटिमीटर उकललेल्या जोड्या हे मंद नेटवर्कचं एक नेहमीचं कारण आहे.

पायरी ८: तपासणी

आठ दिव्यांचा टेस्टर फक्त तार जोडली आहे का ते सांगतो. रंग चुकीच्या जोडीत गेले पण दोन्ही टोकांना सारखेच चुकले, तर आठही दिवे लागतात आणि नेटवर्क मात्र अडखळतं. म्हणून जोड्यांचे रंग डोळ्यांनी बघा. मग दोन्ही टोकांना लॅपटॉप लावून मोठी फाइल पाठवा आणि स्विचवर त्या पोर्टचे एरर वाढतात का बघा. महत्त्वाच्या कामाला भाड्याने सर्टिफिकेशन टेस्टर आणावा. तो लांबी, घट आणि क्रॉसटॉक जोडीनिहाय मोजून देतो. फायबरला पॉवर मीटर लावा आणि आकडा एलआययूच्या झाकणाच्या आत लिहून ठेवा.

पुढे बिघाड आला की लक्षणावरून शोध सुरू करा. गिगाबिटऐवजी १०० मेगाबिट दाखवतंय: गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १००ला दोन पुरतात, म्हणून एखादी जोडी तुटली आहे किंवा तार जॅकमध्ये नीट दाबून बसलेली नाही, आधी आयओ उघडा. फक्त दुपारी तुटतंय: लांबी आणि पत्र्याखालचा मार्ग तपासा. फक्त पावसात: बाहेरचं आवरण आणि जोड. मशीन सुरू झाल्यावर: विजेच्या तारांपासूनचं अंतर आणि शील्डचं अर्थिंग. फायबरचा आकडा बसवतानाच्या नोंदीपेक्षा २-३ डीबीने खाली आला असेल तर कनेक्टर पुसा, मग पेटीतलं वेटोळं कुठे दाबलं गेलंय का बघा. घरच्या इंटरनेटच्या फायबरचंही असंच: मोडेमच्या पानावर येणारा प्रकाश उणे २७ डीबीएमच्या जवळ दिसत असेल तर कंपनीला तोच आकडा सांगून तक्रार नोंदवा.